देवीच्या गळ्यातले काळे मणी

आमच्या घराण्याकडे कधीकाळी धार संस्थानच्या शिलेखान्याचं काम होतं. तलवारी-बंदुका पुसायच्या, तेल लावून ठेवायच्या, बस. पण तेवढ्यावर माझी मान आजवर ताठ आहे. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही, पोट भरलं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून. तरी हत्याराच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही, हा घरातला कायदा.

तो कायदा मोडला नातीने. तिचं निशाणेबाजीचं नवं पिस्तूल आलं आणि मी हात पुढे केला, तर म्हणते, "आबा, पहले हाथ धोके आओ."

हवेवर चालणारं पिस्तूल. नळीखाली लांबट नळकांडं, त्यात हवा दाबून भरायची. हवा किती उरली ते त्याच्या टोकाचा काटा दाखवतो.

"घोडा कुठाय याचा?" मी विचारलं.

"घोडा?" ती बघतच राहिली. पोरीचं सगळं शिक्षण हिंदीत. मराठी ती आमच्याशी बोलते ती अशी, अर्धी इकडची अर्धी तिकडची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवासला तिची निवड चाचणी होती. आधी दोनदा ती उसन्या पिस्तुलावर खेळली आणि थोडक्यात राहिली. दुसऱ्याचं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याची चप्पल, असं तीच म्हणायची. या वेळी आपल्या पिस्तुलावर खेळायचं, एवढाच तिचा ध्यास.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं. पणज्याची तलवार, माझे पाने, आमच्या हिची, म्हणजे बायकोची, विळी. त्या वर्षी पिस्तूलही आलं. पोरगी कुरकुरली, "आबा, कुंकू अंदर चला जाएगा." मी कुंकू लावलं नाही, नुसतं फूल ठेवलं. इतकं मी कोणाचं ऐकत नाही, हे तिच्या आजीने बोलूनही दाखवलं.

आरती चालू असताना माझी नजर काट्यावर गेली. सकाळी भरलेली हवा अर्ध्यावर आली होती. पोरीनेही पाहिलं. ती पुढे झाली तसा मी हात आडवा घातला.

"उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय पाटावरच्या हत्याराला हात लागणार नाही."

"पण आबा, लीक है!"

"असू दे."

ती जेवली नाही. मीही दोन घास कमीच खाल्ले, पण ते कोणाला कळू दिलं नाही.

दसऱ्याला पहाटेच उत्तरपूजा उरकली आणि आम्ही दोघं ओसरीवर बसलो. आत छर्रा नाही ना, हे तिने आधी मला दाखवलं. मग नळकांडं सोडवून, पुन्हा भरून, नुसतंच ठेवलं. काटा हलला नाही. पिस्तुलाला जोडलं की उतरायला लागला. म्हणजे नळकांडं चांगलं, रोग सांध्यात. मी साबणाचा फेस बोटाने सांध्यावर लावला. एका बाजूने बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. सांधा उघडला तर आतली काळी रबरी वायसर एका जागी चिरलेली. कोऱ्या करकरीत वस्तूची ही गत!

"ओ-रिंग," नात म्हणाली.

"वायसर," मी म्हणालो. "आत्ता करून देतो."

सायकलच्या ट्यूबची वायसर कापली. आयुष्यभर मोटारींना अशाच घातल्या. नळकांडं आवळलं तर चहाच्या किटलीसारखी शिट्टी. अजून जाड कापली, तर सांधा बसेना. तिसरी कापायला घेतली तेव्हा पोरीने हळूच माझ्या हातातली कात्री काढून घेतली. ते फार लागलं.

मग तिने इंदूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो पोरीलाही भियाच म्हणायचा. म्हणाला, "भिया, आज दशहरा है, दुकान बंद है. पर डब्बे में छोटी थैली होगी, उसमें एक्स्ट्रा रिंग रहती है. देखो तो."

डब्यात थैली होती. रिकामी.

"आजी, काली रिंग देखी क्या?"

"काळी अंगठी?" ही स्वयंपाकघरातून. "शनीची का गं? आपल्यात कोणी घालत नाही."

"अंगठी नाही आजी, छोटी छोटी. रबरची. ऐसी गोल."

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "त्या थैलीतल्या होय! अगं, मला वाटलं काळे मणीच. पोतीचे. घरात काळे मणी सुटे सापडले तर टाकत नाहीत, म्हणून दोऱ्यात ओवून देवीला घातले."

देवघरात जाऊन पाहिलं. खरंच, पिवळ्या दोऱ्यात ओवलेल्या वायसर देवीच्या गळ्यात. आणि चांगल्या शोभत होत्या!

पोरीने हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला. माझा दुसरा कायदा तिला पाठ आहे. वाहिलेलं परत घ्यायचं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं.

"काय हो," ही म्हणाली, "काल कुमारिका म्हणून हिचे पाय कोणी धुतले?"

"मी."

"कोण समजून?"

"देवी समजून."

"मग देवीचं देवीला द्यायला तुमचं काय जातंय?"

मी देवीला हात जोडले, दोरा सोडला, सांध्यात बसेल ती वायसर काढली, बाकीच्या परत बांधल्या. पोरीच्या ओंजळीत दोन्ही हातांनी दिली. तिने ती आधी कपाळाला लावली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

वायसर तिनेच बसवली. मी खोबरेल पुढे केलं तर "आबा!" म्हणून ओरडली आणि आपली ट्यूबमधली ग्रीस लावली. फेस लावून पाहिला. बुडबुडा नाही. सोनं वाटून आलो, काटा जागच्या जागी. झोपायच्या आधी बघितला, तिथेच.

देवासला मी देवीच्या टेकडीकडे तोंड करून बाहेर बसून राहिलो. आत जायला मनाई नव्हती, छाती नव्हती. ती बाहेर आली ती पिस्तुलाची पेटी पोटाशी धरून. "आबा, नाव लागलं," म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत.

आता वायसर झिजली की ती डबा उघडत नाही, देवघरासमोर उभी राहते. "आजी, एक काळा मणी दे ना." परवा तिची एक मैत्रीण पिस्तूल घेऊन घरी आली होती. दारातूनच म्हणाली, "दादी, मेरा भी काला मणी कट गया है, आपके पास है क्या?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून दोरा सोडला.