चिंबोरीच्या तोंडावर शिक्का

रमा टिपणीस हे नाव पनवेलात आता फारसं कुणाला आठवत नाही, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो. आमच्या शाळेत ज्या हेडसरांनी पंखे बसवले त्यांचा मोठा फोटो ऑफिसात लावलाय. रमाबाईंचा फोटो सोडाच, त्यांची खुर्चीसुद्धा कुणीतरी भंगारात देऊन टाकली. मी त्याच शाळेत तिसरीला शिकवायचे, रमाबाई दुसरीला, आणि आमच्या वर्गांच्या मध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. म्हणजे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेचं नाव काही मी सांगायची नाही. ती अजून चालू आहे आणि या वयात मला नसती भानगड नको.

बाई अंगानं एवढीशी. वडाळे तळ्याजवळ राहायची, सुती साडी, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीत त्या कुणावर तापल्या की बाहेरचा गोळेवालासुद्धा गाडी जरा पुढे ढकलायचा. पण मुलांवर ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. सगळा राग मोठ्यांसाठी राखून ठेवलेला.

पालक यायचे, "बाई, मुलाला वाचायला काय देऊ?" म्हणून. झालं! रमाबाई उलट त्यांचीच तपासणी घ्यायच्या. मूल कशाला घाबरतं? ताटात काय टाकून देतं? घरात कोंबड्या आहेत का? गच्ची आहे का? माणूस गांगरायचा, त्याला वाटायचं आपण चुकून डॉक्टरकडे आलो. मग बाई पिशवीतून एक पातळसं, चित्रांचं पुस्तक काढायच्या आणि म्हणायच्या, "हे. दुसरं नको. आणि तुम्ही शेजारी बसायचं, पेपर घेऊन नाही."

नवीन पनवेलचे एक साहेब होते, मुंबईला मोठ्या ऑफिसात. त्यांना सहा वर्षांच्या पोरासाठी जनरल नॉलेज हवं होतं. "चित्रं बघून काय होणार बाई?" असं ते बोलून गेले आणि फसले. "अहो, आधी त्याला भूक तर लागू द्या! मग घास भरवा!" बाई कडाडल्या. पार्टिशनच्या अलीकडे माझी अख्खी तिसरी गप्प झाली. पण साहेब पुस्तक घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात दुसरं मागायला स्वतः आले.

कुठलंही नवं पुस्तक आलं की बाई आधी ते वर्गाच्या सतरंजीवर वाचून बघायच्या. वाचता वाचता मुलं बसल्या जागेवरून पुढे सरकायला लागली की पुस्तक पास. गुडघ्यावरची खपली काढायला लागली की नापास, मग ते कुणी का लिहिलेलं असेना. शेवटी तात्पर्य असलेली पुस्तकं बहुतेक खपलीतच जायची.

तर, एक्याण्णव साली बाईंच्या वर्गात मनस्वी होती. कामोठ्याहून यायची. तिचे वडील भगवानशेठ. जमीन सिडकोत गेल्यावर त्यांनी ट्रक घेतले आणि खडी-विटांचा धंदा टाकला. पोरगी तोंडानं चुरचुरीत, पण पुस्तक पुढे केलं की दातखीळ. अक्षरं सुटी ओळखायची, शब्द म्हटला की मान खाली. हेडसरांचं म्हणणं एकच, "शेठची मुलगी आहे, वर घाला." शेठकडून शाळेला पाण्याची टाकी मिळायची होती ना!

रमाबाई वर घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी शेठना बोलावून घेतलं. मी तिथेच वह्या तपासत होते.

शेठनीच आधी विचारलं, "बाई, खरा सांगा, पोरीला वाचता येतं का नाय?"

"नाही येत."

"मंग जूनपासून इंग्लिश मिडियमला घालतो. आमच्याकडं आता समदी तिकडंच जातात."

"काय?" बाई उभ्याच राहिल्या. "आपल्या भाषेत वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत घालणार? विहिरीत पोहता येत नाही म्हणून पोरीला खाडीत फेकणार का तुम्ही?"

मला वाटलं, आता शेठ उठून जाणार. ते हसले. "तुमी आमच्या आयशीसारख्या वरडता," म्हणाले. त्यांची आई हौसाबाई त्याच पावसाळ्यात वारली होती. मनस्वी तिच्याच कुशीत वाढलेली. "मंग काय करायचा, सांगा."

"पुस्तकं आणायची. चित्रांची. एकट्या मनस्वीला नाही, सगळ्या वर्गाला. घरी न्यायला, लोळत वाचायला."

"तुमी निवडा, आमी देतो. फकस्त आयशीचं नाव लावा. जन्मभर मिठागरावर राबली, शालेचा उंबरा तिनं कवा बघितला नाय." मग जाता जाता वळून म्हणाले, "पन गॅदरिंगपर्यंत पोर वाचाया लागली पायजे. नायतर जूनला मी कुनाचा ऐकनार नाय."

रमाबाईंनी दिवाळीची सुट्टी पुस्तकं निवडण्यात घालवली. लोक करंज्या तळत होते आणि ही बाई दादर-गिरगावची दुकानं पालथी घालत होती, दुकानातच फरशीवर बसून पुस्तकं वाचत होती. एक पुस्तक त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, लग्नाला निघते, पण चालते आडवी, त्यामुळे दर पानावर भलत्याच घरी जाऊन पोचते. पानावर शब्द दोन-चार, बाकी चित्रच. आणि त्या चिंबोरीचे डोळे असे काही काढले होते की मी तिशी उलटलेली बाई स्टाफरूममध्ये खुदकन हसले.

"ही मनस्वीची," रमाबाई म्हणाल्या. "खाडीवरची पोर आहे, चिंबोरी तिला मी शिकवायची गरज नाही. ती आपणहून तोंड उघडेल बघा."

सुट्टीनंतर पुस्तकं शाळेत आली. आणि आता ऐका. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑफिसात गेलो, तर आमचा शिपाई शिवा टेबलाशी बसून शिक्के मारत होता. तळहाताएवढा जांभळा शिक्का. वर ठळक अक्षरांत 'हौसा', खाली बारीक अक्षरांत 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' आणि त्याखाली शाळेचं नाव. पहिल्या पानावर नव्हे हो, प्रत्येक पानावर! आणि मधोमध! हत्तीच्या पोटावर, म्हशीच्या कपाळावर, पतंगावर, चंद्रावर. शिवा बिचारा जीभ बाहेर काढून एकेक शिक्का सरळ यावा म्हणून धडपडत होता. त्याला तसं सांगितलेलंच होतं.

आपल्याकडे दान दिलं की नाव घालतात, हे मला काय ठाऊक नाही? पातेल्यावर घालतात, बाकड्यावर घालतात, पंख्याच्या पात्यावर घालतात. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून कुणाचं बिघडत नाही. पण अहो, चित्र म्हणजे पातेलं आहे का?

रमाबाईंनी शिवाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. चिंबोरीचंच होतं. पहिल्या पानावर नांग्या दिसत होत्या, आठ पाय दिसत होते, आणि डोळ्यांच्या जागी जांभळा शिक्का.

"हे काय केलंत?" त्यांचा आवाज चक्क फुटला.

"चोरीला जातात बाई," हेडसर शांतपणे म्हणाले. "पान फाडून नेलं तरी कळलं पाहिजे कुणाचं ते. शिवाय शेठनाही बरं वाटेल."

"सर, मुलांनी बघायचं काय? तुमचा शिक्का?"

"मजकूर कुठे झाकलाय? मजकूर सोडूनच मारायला सांगितलंय मी."

माझ्या हातात तेव्हा डस्टर होतं. ते मी फेकून मारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बरं, झालं ते झालं, पुस्तकं तरी द्या. तर तेही नाही! उद्घाटन झाल्याशिवाय वस्तू वापरायची नाही. गॅदरिंगला पाहुणे येणार, फीत कापणार, मगच. तोवर पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी हेडसरांच्या खिशात. रमाबाईंनी काय करावं? त्या मुलांना रोज कपाटासमोर नेऊन बसवायला लागल्या आणि काचेतून दिसणाऱ्या कव्हरांवरून गोष्टी सांगायला लागल्या. मनस्वी काचेला नाक लावून, कव्हरावर पाठमोऱ्या काढलेल्या चिंबोरीशेजारीच बसायची. चार दिवसांत काचेवर नाकांचे ठसे उमटले. हेडसरांनी ते बघितले आणि आतून पडदा लावून घेतला. पडदा! फुलाफुलांचा!

"टिपणीसबाई, जाऊ द्या," मी म्हटलं.

"तुम्ही जाऊ द्या, मी नाही देणार," त्या माझ्यावरच उखडल्या. "त्या पोरीला जूनमध्ये उचलून नेतील, आणि पुस्तकं इथे पडद्याआड बसतील नव्या नवरीसारखी." नंतरचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

गॅदरिंगच्या दिवशी कपाट उचलून स्टेजवर आणलं होतं. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, हेडसरांनी दार उघडून 'ज्ञानाचं भांडार' वगैरे भाषण ठोकलं. पुढच्या खुर्चीवर भगवानशेठ पांढऱ्या कपड्यांत, हातात नारळ. भाषण संपलं आणि हेडसरांनी खिशातून चावी काढली. हो, पुन्हा कुलूप लावायला! त्यांचं म्हणणं, आता परीक्षा जवळ आल्या, पुस्तकं जूननंतर बघू.

रमाबाई विंगेत होत्या. मला वाटलं, आता ही बाई किंचाळणार. त्या किंचाळल्या नाहीत. दुसरीच्या रांगेतून मनस्वीला बखोट्याला धरून त्या थेट स्टेजवर गेल्या, हेडसरांचा हात बाजूला केला, चिंबोरीचं पुस्तक काढलं आणि पोरीला शेठच्या पुढ्यात उभं केलं.

"तुम्ही गॅदरिंगपर्यंतची मुदत दिली होती," बाई म्हणाल्या. "पुस्तक तिच्या हातात पडतंय ते आज, आत्ता. आधी कुणी पडू दिलं नाही. आता काय ते तुम्हीच बघा."

माईक चालूच होता. सगळं मैदान ऐकत होतं.

मनस्वीनं पुस्तक उघडलं. मान खाली. मला तर बघवेना. हेडसर हसत हसत पुढे येऊन पुस्तक काढून घेणार, एवढ्यात पोरीचं बोट त्या जांभळ्या अक्षरांवर गेलं.

"हौ... सा." मग जोरात, "हौसा! बाबा, हौसा! आजी हाय!"

पान उलटलं. "हौसा!" पुन्हा उलटलं. "हौसा!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. शेठनी नारळ खाली ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले. आणि आमचे हेडसर! लाज म्हणून नाही माणसाला. माईककडे वाकून म्हणतात, "पाहिलंत? शिक्क्याचा असा उपयोग असतो!"

रमाबाईंचा चेहरा मला आजही दिसतो. पोरीनं आयुष्यातला पहिला शब्द वाचला याचा आनंद आणि तो असा वाचावा लागला याचा संताप, एकदमच. आणि टाळ्या कुणाला, तर शिक्क्याला.

पण मनस्वीचं वाचून झालं नव्हतं. ती पान वर धरून शिक्का नखानं खरवडायला लागली. "बाबा," तिनं विचारलं, "आजीच्या खाली काय हाय?"

टाळ्या थांबल्या. शेठनी पुस्तक हातात घेतलं, एक पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. मग कपाटातून दुसरं पुस्तक मागून घेतलं. त्यातही तेच. मग सावकाश हेडसरांकडे वळले.

"सर, माज्या आयशीनं जन्मात कुनाची वाट अडवली नाय. आनि तुमी तिला पोरांच्या चित्रावर बसवलीत?"

"शेठ, तुमचंच नाव... म्हणजे मातोश्रींचं..."

"नाव लावा बोललो होतो. चित्रं पुसा नाय बोललो." शेठनी हात पुढे केला. "चावी द्या."

चावी त्यांनी घेतली ती घेतलीच. दुसऱ्या दिवशी त्यांचा सुतार आला आणि कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उतरवून, पडद्यासकट, टेम्पोत घालून घेऊन गेला. पाण्याची टाकी शाळेला मिळाली, पण उशिरा. हेडसर त्याचं खापर शेवटपर्यंत रमाबाईंवर फोडत राहिले, आणि बाईंच्या निरोप समारंभाला त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचंसुद्धा विसरले.

मनस्वी जूनमध्ये कुठे गेली नाही. माझ्या तिसरीत आली. पुस्तकं मुलांच्या घरी जायला लागली, कुणी ती दुमडली, कुणी त्यांच्यावर आमटी सांडली, एक तर वासरानं चावलं. रमाबाईंना त्याचा कधी राग आला नाही. शिक्क्यांचा मात्र दर वेळी नव्यानं यायचा. मूल पुस्तक घेऊन निघालं की त्या त्याला दारात थांबवायच्या आणि पानोपानी काय झाकलं गेलंय ते सांगायच्या. इथे म्हशीच्या कपाळावर बगळा आहे. इथे चंद्राला मिश्या आहेत. सांगता सांगता त्यांचा आवाज चढायचा आणि मूल बिचकून बघायचं.

एकदा मधल्या सुट्टीत मी पार्टिशनच्या फटीतून पाहिलं, तर मनस्वी पहिलीच्या एका मुलीला चिंबोरीचं पुस्तक वाचून दाखवत होती. घडघड नाही, अडखळतच, पण वाचत होती. त्या मुलीनं शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

"ती माजी आजी," मनस्वी म्हणाली. "तिच्या खाली चिंबोरीचे डोले हायेत. मी नाय बघितले. बाईंनी बघितलेत."