पाकोळ्यांची फट

पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहणारे काका सगळ्यांना फार दयाळू वाटतात. गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवतात, मुंगी दिसली तरी वळसा घालून जातात. "आपण पापभीरू माणूस," हे त्यांचं पालुपद. मी नुसती मान हलवते.

त्यांच्या खिडकीवरच्या फटीत पाकोळ्या राहतात, म्हणजे डास-किडे खाणारी अंगठ्याएवढी वटवाघळं. काल संध्याकाळी त्या शिकारीला उडाल्या आणि काकांनी स्टुलावर चढून ती फट सिमेंटनं लिंपून टाकली.

"सगळ्या भाईर पडेपर्यंत थांबलो. एकपण मारली नाय," खाली उतरून ते अभिमानानं म्हणाले.

"काका, आत पिल्लं आहेत. त्यांना अजून उडता येत नाही."

"तू बघितली का? इंग्लिश मीडियमच्या पोरींना दया लई!"

सिमेंटआडून बारीक चिरचिर येत होती. ती त्यांनाही ऐकू आली असणार, कारण त्यांनी मोबाइलवरचं भजन मोठं केलं.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या हातातली थापी हिसकावून मी स्टुलावर चढले आणि ओलं सिमेंट खरवडायला लागले.

"अगं, भिंत खराब व्हईल!" पापभीरू काका ओरडले.