धामणगाव बढ्याची सभा: देवळातून वावरात

पुण्याहून निघताना माझ्याकडे एक ट्रंक, एक चित्रांचा तक्ता आणि घोकून पाठ केलेलं भाषण होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि बुलढाणा जिल्ह्याला माझी फार गरज आहे, असं माझं ठाम मत होतं. जिल्ह्याला याची कल्पना नव्हती.

काम असं होतं: गावोगाव बायकांची मंडळं जमवायची आणि बाळाची नाळ विळ्याने न कापता उकळलेल्या पात्याने कापा, हे सांगायचं. धनुर्वाताने आठवड्याच्या आत बाळं जायची.

रेल्वेने मलकापूर. तुम्हीही तिथेच उतरा, पुढे एसटी मिळते. पहिला मुक्काम वडनेर भोलजी. देवळात सभा झाली, बायकांनी माना डोलावल्या, दाईने पातं मागून घेतलं. मी फुगले.

धामणगाव बढ्याला पोचेपर्यंत साडीचा मूळ रंग गेला होता. गोदाबाईंकडे उतरले. मोठी शेती, मोठा आवाज. कळण्याची भाकरी आणि असा ठेचा, की जेवताना मी रडले आणि तरी परत मागितला. संध्याकाळी मारुतीच्या देवळात तेच भाषण. इथेही माना डोलल्या. मग मी विचारलं, "तुमच्याकडे बाळंतपण कोण करतं?"

"कौसाबाई."

"कुठे आहेत त्या?"

गोदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "थे इथं कशी येईन? थे बौद्धवाड्यातली."

म्हणजे जिच्या हातात विळा, ती सोडून साऱ्या गावाला मी शहाणं केलं होतं.

सकाळी तक्ता घेऊन कौसाबाईंकडे गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी विळ्याचं सगळं सांगितलं आणि देवळात पुन्हा सभा घेते, याल का, असं विचारलं.

"आधी त्याहीनं मले पायरी चढू देल्ली नाही. आता आमीच त्याहीचे देव सोडले. काऊन येऊ मी देवळात?" मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या गोदाबाईच्या वावरात कापूस वेचाले साऱ्याच येतीन. भाकरीच्या वक्ताले या. अन् थे चित्रं नका आनू, उडून जातीन."

दुसऱ्या दिवशी बायका निंबाखाली जेवायला बसल्या. दोन घोळके, मधे दहा पावलं. मी घसा खाकरला, पण कौसाबाईंनी मला हाताने गप्प केलं आणि उभ्या राहून गेलेल्या बाळांच्या आयांची नावं घेतली. शेवटचं नाव सुमनचं, गोदाबाईंच्या सुनेचं.

"सातव्या दिवशी गेलं लेकरू. विळा ह्याहीच्या घरचा, हात माहा. मले कोनी सांगतलंच नाही."

सुमनला पुन्हा दिवस भरत आले होते. गोदाबाई उठल्या, दहा पावलं चालल्या आणि कौसाबाईंसमोर बसल्या.

"पातं मी उकळून ठेवीन. माह्या चुलीवर."

"अन् मी येऊ कुठून? मागच्या दारानं?"

गोदाबाईंनी मातीत बोट फिरवलं. "समोरच्या."

चार दिवसांनी, भर दुपारी, कौसाबाई समोरच्या दाराने आत गेल्या. मुलगी झाली. मी आठ दिवस मुक्काम वाढवला आणि धनुर्वाताने आधी जबडा मिटतो, म्हणून रोज बाळाचा जबडा तपासत राहिले. आठव्या दिवशी भुकेने त्याने असं भोकाड पसरलं की सुमन हसायला लागली.

चहा झाला. सगळ्यांना कपबशा आल्या. कौसाबाईंना कान तुटलेला वेगळा कप. त्यांनी तो ओट्यावर ठेवला. "माह्या घरी चूल हाय," म्हणाल्या आणि निघाल्या. मी माझा चहा पिऊन टाकला.

पुण्याला आईने विचारलं, "शिकवलंस का त्यांना?" मी बाळाचं सांगितलं, कपाचं नाही. तेवढ्यात धुण्याच्या बाई आल्या आणि आईने खिडकीतला त्यांचा निराळा कप काढला. मी या घरात बावीस वर्षं चहा प्यायले होते.

त्या गेल्यावर मी तो कप धुऊन आमच्या कपांच्या फळीवर ठेवला. आईने तो परत खिडकीत नेला. मी परत फळीवर आणला. अख्खा आठवडा हे चाललं, दोघी एक अक्षर न बोलता. रविवारी आईने त्या बाईंना चहा दिला तो फळीवरच्या, हाताला येईल त्या कपात, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान? आता भाषण नको."