बापाने धरलेले पाय

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघं हसलात. पनवेलमध्ये बसून आजी ब्राझीलचे सिनेमे बघत होती, याचं तुम्हाला नवल वाटलं. मी नुसती बघत नव्हते, हातात माइक घेऊन पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मराठीत सांगत होते. नवीन पनवेलमधल्या एका शाळेच्या सभागृहात आमचा फिल्म क्लब महिन्यातून एका रविवारी भरायचा. सभासद बहुतेक निवृत्त, बँकेतले, रेल्वेतले, मंत्रालयातले. इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं, पण भराभर वाचवत नाही हे कबूल कोण करणार? म्हणून ते काम माझ्याकडे, आणि त्याला नाव 'रसग्रहण'.

ते वर्ष ब्राझीलचं होतं. तिथले आताचे दिग्दर्शक गरिबी दाखवून रडवत नाहीत, हे लवकरच लक्षात आलं. कुणी झोपडपट्टीतल्या पोरांच्याच हातात कॅमेरा देतो. कुणी नट न घेता, ज्यांचं गाव गेलं त्यांनाच त्यांची स्वतःची भूमिका करायला लावतो. आणि बरेच जण कॅमेरा आपल्याच वर्गाकडे फिरवतात. उंच फाटकं, नोकरांची वेगळी लिफ्ट, स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची खोली. सरकारला शिव्या द्यायच्या तर ते भाषण देत नाहीत, जेवणाचं टेबल दाखवतात.

एका सिनेमात दिग्दर्शिकेने आपल्या आईलाच पकडलं होतं. आई मोलकरणीला मुलांसमोर टाकून बोलते, मग कॅमेऱ्याकडे बघून लेकीला विचारते, "हे ठेवणार नाहीस ना?" लेकीने तो प्रश्नसुद्धा ठेवला होता. आमचं सभागृह भारावून गेलं. अध्यक्ष उठून म्हणाले, "याला म्हणतात धैर्य! जन्मदात्या आईला सोडलं नाही." मीही माइकवर म्हटलं की कॅमेरा आधी आपल्या घरात लावावा. टाळ्या पडल्या. त्यानंतर सगळे घरी गेले आणि आपापल्या मोलकरणींवर नेहमीसारखे ओरडले.

मागच्या रांगेत एक मुलगी बसायची. विमानतळासाठी उठवल्या जाणाऱ्या एका खाडीकाठच्या गावातली. बाप मासेमारी करायचा, भराव पडल्यावर होडी दारात पालथी पडली होती. मुलगी कॉलेजात मास मीडिया शिकत होती. तिने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने माझं वाक्य खरं मानलं.

काही महिन्यांनी क्लबमध्ये तिचा स्वतःचा छोटा सिनेमा लागला. आईबाप पहिल्या रांगेत. बापाचा शर्ट पांढरा, इस्त्रीचा. त्याने सिनेमा आधी बघितलेला नव्हता.

पडद्यावर त्यांच्या घराची मोजणी चालू होती. मोजणीला आलेला साहेब मागच्या दोन खोल्या धरायला तयार नव्हता. त्या नंतर बांधल्या, त्यांची भरपाई नाही. बाप वाद घालतो, हात जोडतो, आणि मग वाकून त्या पोरसवदा साहेबाचे पाय धरतो. "साहेब, पाया पडतो." तेवढ्यात साहेबाचा मोबाइल वाजतो. गणपतीची आरती. साहेब फोन कानाला लावतो आणि चपलेतून काढावा तसा पाय त्या हातांतून काढून घेतो. कॅमेरा हलत नाही.

रिंगटोनला सभागृहात कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

चहाच्या वेळी अध्यक्ष बटाटेवडा हातात धरून बापाकडे गेले. "काका, कमाल केलीत! इतका नैसर्गिक अभिनय आमच्या नाटकवाल्यांना जमत नाही."

"ॲक्टिंग नव्हती ती," बाप म्हणाला.

"तेच तर! तेच तर म्हणतोय मी!"

फाटकाबाहेर बापाने लेकीला गाठलं. मी शेजारीच होते, पण माझी पर्वा त्याने केली नाही. "मीच बोललो व्हतो कॅमेरा घे. पुरावा र्‍हाईल बोललो. तमाशा लाव नाय बोललो. तेवडा काढून टाक."

"नाय काढनार."

"बाप मेला असता त माजा तेरावा पन दावला असतास."

"दावला असता," ती म्हणाली.

सिनेमा परदेशातल्या एका महोत्सवाला जायचा होता. खालची इंग्रजी वाक्यं मी लिहून देणार होते. त्यामुळे तिने मला विचारलं, "मॅडम, काढू का? काढला तर बाबा घरात ठेवील." ब्राझीलच्या त्या बाईची आई सिनेमा संपल्यावरही आपल्या बंगल्यात, आपल्या टेबलावर बसून होती. तिचं काही गेलं नव्हतं. या माणसाचं घर जाणार होतं, होडी कामातून गेली होती, गावात मान वर करून चालणं तेवढं राहिलं होतं. हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी म्हटलं, ठेव. तो पाय गेला तर सिनेमात उरतं काय? एक दुःखी कोळी, आणि आमच्या सभासदांचे पाणावलेले डोळे. आजही मी हेच सांगेन.

सिनेमा पाठवायची वेळ आली तोवर त्यांचं घर पाडून झालं होतं आणि ते जवळच विचुंब्याला भाड्याच्या खोलीत आले होते. बापाला शेवटचं विचारायला ती गेली, तेव्हा मला बरोबर नेलं. बाप खाटेवर बसला होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. लेकीला मात्र बस म्हटलं नाही.

"ठेवतेस?"

"हो."

"ठेव. मंग हिकडं येऊ नको."

तिची आई मधे काहीतरी बोलायला गेली. "तू गप," बाप म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने, "मॅडम, तुमाला पोरी किती?"

"एक. अमेरिकेत असते."

"तिनं तुमचा काय काढलाय का असा?"

"नाही."

"मंग बरा हाय तुमचा."

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. तिने आईला विचारलं, "माजा चार्जर कुटं हाय?" आईने भिंतीतून काढून दिला. तिने वायर गुंडाळली, बॅगेत टाकली आणि चपला घातल्या. बाप तिच्या चपलांकडे बघत होता.

रिक्षात ती म्हणाली, "मॅडम, 'साहेब, पाया पडतो', याचं इंग्रजी काय करनार?"

मी म्हटलं, "कृपा करा, मी विनवणी करतो, अशा अर्थाचं लिहीन. तिकडच्यांना तेवढंच कळेल."

"मंग मी घर सोडला कशाला?" ती म्हणाली. "पाय लिवा."

मी पाय लिहिला.