कॉइलखालचा रंग

भावाने पाठवलेला व्हिडिओ मी नाशिकला मेथी निवडता निवडता पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची बायको कुणाच्या तरी मोटरसायकलची टाकी उतरवून कॉइल बदलत होती. शेजारी स्टुलावर आबा, म्हणजे आमचे वडील, बसले होते आणि कौतुकाने सांगत होते, "हाई पोर मन्हा हात शे." एवढाच व्हिडिओ. मी तो सहा वेळा पाहिला आणि मेथी देठांसकट फोडणीला टाकली.

आबांचा हात मी होते. शहाद्याला एसटी स्टँडच्या मागे आबांचं गॅरेज. भावाला तेलाचा वास सोसायचा नाही. पुढे तो कारखान्याच्या ऑफिसात चिकटला. मी मात्र कॉलेजला जायच्या आधी तासभर रोज गॅरेजात असायची. नखांत ग्रीस घेऊन वर्गात बसायची, आणि मुली नाक मुरडायच्या तेव्हा मला फार बरं वाटायचं. लग्न झालं, नाशिक आलं, हातात पान्याऐवजी उलथनं आलं. तीन वर्षांपूर्वी आबांचे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडायला लागला, नटावर पाना बसेना. तेव्हा खांडबाऱ्याकडून आलेली ही आमची भावजय आपणहून पुढे झाली आणि गॅरेज बंद पडता पडता राहिलं. मला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, खोटं कशाला सांगू?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आंब्याचा रस खातात. आमच्या घरात आणखी एक रीत. आदल्या दिवशी आबा त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर प्रकाशा गावाला जायचे आणि पूर्वजांच्या घागरीसाठी तापीचं पाणी आणायचे. माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून गाडी मी चालवायची, ते मागे बसायचे. मागच्या वर्षी गाडी बंद होती. प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली होती. गाडी तापली की बंद पडायची, निवली की चालू व्हायची. यंदा भावजयीने नवी कॉइल आणून ठेवली होती. एवढंच नव्हे, सगळी गाडी खोलून फ्रेम घासून तिला काळाभोर चकचकीत रंगही दिला होता.

"बघ, कशी नवरीसारखी करी ठेवी तिनी," आबा मला म्हणाले.

मी म्हटलं, "कॉइल मी बसवते."

"तू पाव्हनी शे माय, बैस. तिले करू दे."

पाहुणी! त्या शब्दाने जे पोटात दुखलं ते दुखलंच. मी खुर्ची ओढून बसले आणि भावजयीच्या हातांकडे टक लावून पाहू लागले. चूक सापडावी म्हणूनच पाहत होते.

आणि चूक सापडली. टाकी उतरलेली होती. तिने नवी कॉइल फ्रेमला लावली, दोन्ही बोल्ट आवळले, वायर जोडली. पण फ्रेमवरचा रंग घासला नाही. या गाडीच्या कॉइलला, प्लगकडे जाणारी सोडली तर, वायर एकच दिसते. करंटचा परतीचा रस्ता म्हणजे फ्रेमच. कॉइलची पट्टी उघड्या लोखंडाला टेकली नाही तर प्लगवर ठिणगी पडत नाही. आणि इथे पट्टीखाली रंग, बोल्टांच्या भोकांतही रंग. तिने आजवर ज्या गाड्या केल्या त्या खटारा, त्यांचा तिथला रंग कधीच उडालेला. तिला हे कळणार कुठून? आणि आबांनी तिला सांगितलं नव्हतं, कारण आबांना हे कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. ते काम माझं होतं. कॉइल हातात घेतली की मी न सांगता पॉलिश पेपरचा तुकडा शोधायची.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले.

ठिणगी पडते का बघायला तिने प्लग काढून इंजिनाच्या हेडवर टेकवला आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आबा मोतीबिंदूच्या डोळ्यांनी प्लगकडे वाकून बघत होते.

"करंट नही ई ऱ्हायना," ती म्हणाली.

तिने वायर तपासली, प्लग बदलला. शेवटी कॉइलच खराब निघाली असेल म्हणून फळीवरची दुसरी काढली आणि तीही तशीच रंगावर बसवली. तिची साडी घामाने पाठीला चिकटली होती. मी पदराने वारा घेत होते आणि मला, देवाशपथ, गंमत वाटत होती. आता आबा माझ्याकडे वळतील, म्हणतील, ऊठ, तूच बघ. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

आबा वळलेच नाहीत. मग दोन्ही हात मांडीवर दाबून धरत म्हणाले, "तिनी चूक नही. मीच काहीतरी सांगाले भुली गऊ. आते मन्हा डोकामा काही ऱ्हास नही." पुढे म्हणाले, "दी टाका भंगारमा. गाडी बी, गॅरेज बी."

मी कधी उठले मला कळलं नाही. पॉलिश पेपर फळीवरच्या जुन्याच डब्यात होता. दोन्ही बोल्ट काढले, कॉइल बाजूला केली, काळा रंग खरडला, लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं, भोकंही कानशीने साफ केली. आधीची नवी कॉइलच परत बसवली. किक मारल्यावर प्लगवर निळी ठिणगी तडकली. प्लग जागेवर गेला, टाकी चढली आणि दुसऱ्या किकला गाडी धूर ओकत चालू झाली.

आबांचा चेहरा असा काही उजळला की मला रडू आलं. पण ते मेकॅनिक. त्यांनी आधी विचारलं, "काय व्हतं?"

"कॉइलखाले रंग," मी म्हटलं. माझ्याही तोंडी आपोआप घरची बोली आली.

"मंग मी सांगं नही का हिले?"

आता खरं बोलायची वेळ होती. मी तोंड उघडलं, पण भावजय माझ्याकडे बघत होती. मी इतका वेळ खुर्चीत का बसले होते, ते तिला समजलं होतं. तिच्या नजरेत मला ते स्पष्ट दिसलं.

"तुम्ही भुलनात नही, आबा," ती म्हणाली. "ताईनी मघाशीच सांगं व्हतं घसाले. मीच ध्यान दिधं नही."

मग पदराला हात पुसून तिने गाडी माझ्याकडे वळवली. "ताई, तुम्हीच घी जा आबासले."

तिचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. व्हिडिओतल्या त्या वाक्याचाही नाही.

आम्ही निघालो. केळीच्या बागा मागे पडत होत्या, आबांचे थरथरते हात माझ्या खांद्यांवर होते, मध्ये पाण्याची रिकामी कळशी. हेच तर मला हवं होतं. प्रकाशाचा पूल दिसायला लागला तेव्हा आबा माझ्या कानाशी वाकले.

"पोर खरी शे," ते म्हणाले. "चूक कबूल कराले मोठं मन लागस. सगळासकडे नही ऱ्हास."

"हा, आबा," मी म्हटलं, आणि पुलावर गाडी चढवली.