अडवलेली मेमरी
सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात माल पाठवायची चलनं माझ्या सर्व्हरवरून निघायची. ‘माझ्या’ म्हणतो, कारण प्रोग्राम मी लिहिला होता आणि त्याचा मला भारी माज होता. तीन महिन्यांची तात्पुरती नोकरी, पण तोरा असा की गाळा माझ्याच बापाचा.

आठ मशीनवर चलनं टाइप व्हायची. लोडशेडिंगची वेळ झाली की पाचूबंदरची ताई, आमची सगळ्यांत जुनी ऑपरेटर, भिंतीवरची आठही बटणं पटापट बंद करायची. “लाईट येताना झटका देते, मशीन जळतात,” म्हणायची. सगळं इन्व्हर्टरवर होतं, पण तिचा त्यावर भरवसा नव्हता. नवरा वारलेला, दोन मुली शिकत होत्या, घर तिच्याच पगारावर.

दर दोन-तीन दिवसांनी सर्व्हर बसायला लागला. त्या दिवशी तर दारात तीन ट्रक खोळंबले. शेठ लालबुंद. “ही बाई बटणं बंद करते म्हणून होतंय का, पाच वाजेपर्यंत सांग. असेल तर उद्यापासून येऊ नको म्हणतो तिला.”

मी कोड उघडला. चारच्या सुमारास सापडलं. मशीन जोडलं की माझा सर्व्हर त्याच्यासाठी मेमरी राखून ठेवायचा आणि मशीनने ‘निघतो’ असं कळवलं तरच सोडायचा. बटण बंद केल्यावर कळवणार कोण? एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी आणि माणूस चढूच नये, तसं. अडवून अडवून मेमरीच संपायची. कुणीही नुसतं जोडून पळ काढला असता तरी सर्व्हर आडवा झाला असता. बराच वेळ गप्प असलेलं मशीन सोडून द्यायचं, एवढ्या दोन ओळी मीच लिहिल्या नव्हत्या. ताईचा काडीचा दोष नव्हता.

पाच वाजता शेठने सगळ्यांसमोर विचारलं. ताई माझ्याकडे बघत होती, अगदी निवांत. हा शिकलेला आहे, खरं ते सांगेल, असं तिला वाटलं असणार.

“बटणं बंद केल्यानेच होतंय,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. लाज वाटते सांगायला, पण अर्धंच खरं होतं.

“मला कोनी सांगितलंच नाय रे,” ताई म्हणाली. “केलं नसतं.” आणि डबा पिशवीत घालून गेली.

त्याच संध्याकाळी मी त्या दोन ओळी घातल्या. पुढे ताईच्या जागी आलेली मुलगी रोज तशीच बटणं बंद करायची. सर्व्हर पुन्हा बसला नाही. महिन्याभराने मला कायम करताना शेठने पाठीवर थाप मारली. “बघ, बाई गेली आणि सगळं सुरळीत झालं.”

मी म्हणालो, “हो शेठ.”