सहा वाजताची वाळू

रविवार, दोन फेब्रुवारी १९९७. तीनशे पंच्याऐंशी रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि विरारच्या बाजारातला खेळाच्या सामानाचा दुकानदार. त्यात धावण्याचे बूट आले आणि एक स्टॉपवॉच.

नवऱ्याला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी पतपेढीत कारकून. मुलीने पोलिसात जायचं ठरवलं होतं. मैदानी परीक्षा मेअखेर होती आणि आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत धावल्याशिवाय पुरेसे गुण मिळणार नव्हते. पुढच्या वर्षी तिचं वय उलटलं असतं. त्या दिवसांत मला रडू येत नसे, भूकही धड लागत नसे. आकडे मात्र लिहिता येत.

आगाशीहून पहिल्या बसने आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जात असू. टेपने मोजून एका सुरूच्या झाडापासून चारशे मीटरवर मी काठी रोवली होती. जाऊन येऊन आठशे. सकाळी सहाच्या ठोक्याला मी घड्याळ दाबायची.

"शिट्टीपण आण आई, म्हणजे अगदी साहेब दिसशील," मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली. मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली. तिने नंतर थट्टा केली नाही.

पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात वेळ वीस सेकंदांनी वाढली. ती ढिलाई करते आहे असं धरून मी सरावाची एक फेरी वाढवली. तिसऱ्या आठवड्यात वेळ सुधारली. चौथ्यात पुन्हा बिघडली, पुन्हा एक फेरी. पाचव्यात पुन्हा सुधारली. फेरी वाढवली की गुण येतो, हे माझ्या वहीत स्पष्ट दिसत होतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत तीनच्या सात फेऱ्या झाल्या. मुलगी बसमध्ये नडगी चोळत बसायची. दुखतंय का, असं मी विचारलं नाही.

किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण आम्हाला रोज बघायची. एका सकाळी मुलगी नडगी धरून वाळूत बसली, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"शिक्षा देता काय बाई पोरीला?"

"वेळ कमी होत नाहीये तिची. मागच्या आठवड्यात बरी होती."

"मागच्या आठवड्यात अमाशा होती. अमाशेला नि पुनवेला सकाळी पानी लांब जातं, वाळू फरशीसारखी कडक. आज अष्टमी, पानी वर चढलंय. ही भुसभुशीत वाळू. हिच्यात माझा नवरा धावला तर पडेल, नि तो तर प्यायलेला पन नसतो सकाळचा."

मुलगी हसली. बऱ्याच महिन्यांनी. मी वही बंद केली.

घरी येऊन कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक तारखेसमोर तिथी लिहिली. मग फक्त अमावास्या आणि पौर्णिमेचे आकडे एकाखाली एक मांडले. तीन चोवीस. तीन सतरा. तीन बारा. तीन बारा. तीन चौदा. वाईट आठवडे पाण्याचे होते, चांगलेही पाण्याचेच. तिची खरी प्रगती मार्चच्या सुरुवातीलाच थांबली होती आणि त्यानंतर मी तिला फेऱ्यांवर फेऱ्या देत होते. नऊ मार्चच्या अमावास्येनंतर थांबून विचार करायला हवा होता. तेव्हा मी काय करत होते ते वहीत आहे: सरासरी काढत होते.

"पाय दुखत होता तर बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही. तू लिहीत असायचीस. लिहिताना तुझा चेहरा जरा बरा दिसायचा."

मी भात लावला.

दहा दिवस ती धावली नाही. मग तीनच फेऱ्या, एक दिवसाआड, आणि पाणी उतरलेलं असेल त्या वेळेला, मग ते सकाळचे आठ असोत की संध्याकाळचे पाच. पतपेढीत दोनदा उशिरा पोचले, हजेरीपटावर दोन लाल शेरे मिळाले. मेच्या अमावास्येला तीन पाच. पौर्णिमेला तीन एक. परीक्षेच्या मैदानावर आयांना आत सोडत नव्हते. बाहेर येऊन ती म्हणाली, "दोन सत्तावन्न." मी घड्याळ लावलेलं नव्हतं, त्यामुळे तो आकडा वहीत तिच्या शब्दावर लिहिला आहे.

यादीत नाव आलं. मला आनंद व्हायला हवा होता. तो कधीतरी नंतर झाला असावा, तारीख सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच अर्नाळ्याला गेले. कोळीण वलांडी सोडत होती, पाऊस जवळ आला होता.

"लागली का पोरगी?"

"लागली."

तिने उरलेले सुके बोंबील कागदात बांधले आणि साठ सांगितले. मी घासाघीस केली नाही. शंभराची नोट दिली, चाळीस परत घेतले. घरी येऊन वहीत लिहिलं: साठ रुपये, सुक्या बोंबलांचे, त्या बाईंना दिले.